रोगण, रेगमाल आणि अब्बांची जीप

गेल्या हिवाळ्यात महिनाभर गोंडपिपरीला घरी होतो, तेव्हा अब्बांची जीप रंगवायला घेतली. ती रस्त्यावर आणायचा विचार नव्हता. इंजिन २००९ पासून बंद आहे आणि मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालतात. पण दोन पावसाळ्यांत मडगार्डच्या कडा गंजून कुरकुरीत झाल्या होत्या. बोटाने दाबलं की पापडासारखा तुकडा हातात यायचा. अब्बा सकाळचा चहा शेडसमोर खुर्ची टाकून घेतात, तोंड जीपकडे करून. गंज आणखी आत शिरला तर तिला भंगारात घालण्यावाचून इलाज नाही, हे त्यांनाही दिसत होतं. ते काही बोलले नाहीत. मीच म्हटलं, घासून रंग मारू.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. रंगकामाचं माझं ज्ञान ईदच्या आधी भिंतीला चुना मारण्याएवढं. त्यामुळे पहिला आठवडा चुका करण्यातच गेला. पण एका बाबतीत माझा धंदा कामी आला. जुन्या गाडीवरचे रंगाचे थर हा एक प्रकारचा दस्तऐवज असतो आणि तो वाचता येतो, हे घासायला लागल्यावर लक्षात आलं. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे.

आधी जीपची ओळख. अब्बांनी ती १९८६ साली एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली. गोंडपिपरीहून आष्टीकडे जाताना वैनगंगा लागते. नदीच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. तो १९८२ साली वेगळा झाला, पण लोकांची ये-जा, नाती आणि बाजार काही वेगळे झाले नाहीत. एस.टी. जिथे थांबायची तिथून पुढे जीपच. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात माणसं, लग्नसराईत वऱ्हाडी, रात्री-अपरात्री चंद्रपूरच्या दवाखान्याकडे निघालेल्या बाळंतिणी. आमच्या घराचा खर्च सुमारे वीस वर्षं या गाडीवर चालला. माझं शिक्षणही.

जीपचा रंग बाटलीसारखा गडद हिरवा. फक्त बॉनेटच्या डाव्या अंगाला, वीतभर लांबीचा एक चौकोनी डाग होता. बाकीच्या हिरव्याहून थोडा काळपट. मोहाची फांदी पडून रंग उडाला म्हणून तिथे टचअप केलं, असं आम्हा भावंडांना सांगितलेलं. आम्हीही तसंच धरून चाललो होतो.

काम हिवाळ्यात काढलं त्याला कारण आहे. चंद्रपूरचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. पारा ४५ च्या वर गेला की गनमधून उडालेला रंग पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. पावसाळ्यात उलटं होतं. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि रंग दुधाळ दिसायला लागतो. पेंटर म्हणतात, रंगाने पाणी पकडलं. म्हणून डिसेंबर-जानेवारी, आणि तेही सकाळी दहाच्या पुढे, दव वाळल्यावर.

मला हे सगळं शिकवलं गावातल्या एका जुन्या डेंटर-पेंटरने. त्यांना सगळे मामू म्हणतात, मीही मामूच म्हणतो. दृष्टी कमी झाली म्हणून त्यांनी काम सोडलंय, पण पत्र्यावरून तळहात फिरवला की कुठे खळगा आहे ते अजून सांगतात. डोळ्याला दिसत नाही ते हाताला कळतं, हे त्यांच्यामुळे कळलं. घासायचं कसं, पाणी किती, कागद कोणत्या नंबरचा, सगळं ते खाटेवर बसून सांगायचे. "पहले अस्तर देखो, फिर रोगन की बात करो."

मामूंचे शब्द मी वहीत टिपायला लागलो. अस्तर म्हणजे प्रायमरचा हात. रोगन म्हणजे तेलरंग. रेगमाल म्हणजे आपला पॉलिश पेपर. झिलई म्हणजे शेवटची चकाकी. यांतला रेगमाल सोडला तर बाकीचे शब्द मराठीत शतकानुशतकं नांदत आहेत. शाळेचं रंगरोगण झालं, असं आपण सहज म्हणतो. त्यातला रोगण फार्सीतला, मूळ अर्थ तेल. कोटाचं आणि भिंतीचं अस्तर तेही फार्सी. झिलईच्या मुळाशी अरबी जिला, म्हणजे चकाकी. तांब्याच्या भांड्याची कलई अरबी, सुताराचा रंधा फार्सी. रेगमाल हा शब्द तर फोडून दाखवावा इतका सरळ आहे: रेग म्हणजे वाळू, माल म्हणजे चोळणारा.

हे शब्द मराठीत आले कसे, यावर आमच्याकडे दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक म्हणतं, दरबाराने लादले. दुसरं म्हणतं, सगळी कारागिरी मुसलमानांनी आणली. मला दोन्ही पटत नाहीत. दरबारी शब्द दरबाराबरोबर गेले तरी चाललं असतं. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला तो फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. त्यानंतरही रोगण आणि कलई लोकांच्या तोंडून गेली नाहीत. माधव ज्यूलियन यांनी १९२५ साली फार्सी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. तरीही शाळेचं रंगरोगण चालूच राहिलं. कारण रोजच्या कामाला जो शब्द लागतो त्याची जात किंवा मजहब विचारायला माणसाला वेळ नसतो.

दुसऱ्या उत्तराचं खंडन तर प्राणहितेच्या पलीकडेच उभं आहे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलं निर्मल हे गाव लाकडी खेळण्यांसाठी आणि चित्रांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या परंपरागत कारागिरांना नक्काश म्हणतात. नाव अरबीतून आलेलं, माणसं हिंदू. कोकणात सावंतवाडीला गंजिफा रंगवतात. खेळाचं नाव फार्सी, गोल पत्त्यांवर दशावतार, आणि रंगवणारे चितारी. एवढं पाहिल्यावर हा शब्द तुमचा की आमचा, हे विचारण्यात अर्थ राहत नाही.

मामूंच्या वहीतला आणखी एक शब्द मला जास्त लांब घेऊन गेला. लॅकर. गाडीच्या रंगकामात एन.सी. लॅकर म्हणतात तो. हा शब्द इंग्रजी वाटतो, पण त्याचं मूळ आमच्या घरामागच्या पळसावर आहे. पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात आणि त्यांच्या स्रावाची जाड साल तयार होते. संस्कृतात लाक्षा, मराठीत लाख. हा माल अरब व्यापाऱ्यांनी नेला तेव्हा अरबीत त्याचा लक्क झाला, पोर्तुगीजांनी त्याला आपल्या भाषेत घेतलं, तिथून तो फ्रेंच आणि इंग्रजीत गेला आणि थिनरच्या डब्यावर बसून परत आला. जंगलातून गेलेला माल कारखान्यात तयार होऊन दामदुपटीने परत येतो, हे या भागातल्या माणसाला नवं नाही. आलापल्लीच्या सागवानाचंही तेच आहे.

मोटारगाड्या आल्या तेव्हा त्यांना घोडागाडीचाच रंग होता. म्हणजे रोगणच: जवसाच्या तेलातला रंग, ब्रशने लावलेला, एकावर एक अनेक हात, प्रत्येक हात वाळायला दिवस आणि मधे घासणं. एक गाडी रंगवून निघायला कित्येक आठवडे लागत. फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, त्याच्या मुळाशी हाच वेळेचा प्रश्न होता. काळा रंग टिकाऊ आणि स्वस्त होता, भट्टीत लवकर वाळायचा. कोंडी फुटली ती १९२३ साली. अमेरिकेतली द्युपाँ ही मुळात बंदुकीची दारू बनवणारी कंपनी. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज बनतं आणि त्यातून धूर न करणारी दारू. पहिलं महायुद्ध संपल्यावर या मालाला दुसरा उपयोग हवा होता. तो विरघळवून त्यात रंग मिसळला, नाव दिलं ड्युको. आठवड्यांचं काम तासांवर आलं. कापूस पिकवणाऱ्या विदर्भाच्या माणसाने हे लक्षात ठेवायला हरकत नाही की पूर्वी गाड्यांवरची झिलई कापसाची असायची.

ड्युको हे एका कंपनीच्या मालाचं नाव, पण भारतातल्या गॅरेजांत ते रंगाच्या जातीचंच नाव होऊन बसलं. निर्मलची खेळणीसुद्धा पूर्वी वनस्पतींच्या आणि खनिजांच्या रंगांनी रंगायची, नंतर ती ड्युकोने रंगू लागली. मामू आजही गनने मारलेल्या प्रत्येक रंगाला ड्युको म्हणतात, डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

आता मुद्द्याचं. रोगण आणि लॅकर यांत फरक फक्त नावाचा नाही. रोगण तेलाचं असतं. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि एकदा घट्ट झालं की पुन्हा विरघळत नाही. आजचा डब्यातला ऑइलपेंट, म्हणजे इनॅमल, त्याच कुळातला. लॅकर मात्र नुसतं थिनर उडून वाळतं आणि पुन्हा थिनर लावलं की पुन्हा विरघळतं, अगदी स्पिरिटमध्ये लाख विरघळते तसं. म्हणून लॅकरवर इनॅमल मारलं तर चालून जातं. पण इनॅमलवर लॅकर मारलं तर त्याचं थिनर खालच्या थरात शिरतं आणि रंग उकळल्यासारखा वर येतो, सुरकुततो. माझी पहिली मोठी चूक हीच. उजव्या मडगार्डवर उत्साहाने गन चालवली आणि दहा मिनिटांत साप कात टाकतो तसा पत्रा दिसायला लागला. मामूंनी खाटेवरूनच वासाने ओळखलं.

कोणता थर कुठल्या जातीचा आहे हे ओळखायची युक्ती मामूंनी शिकवली. फडक्यावर थिनर घेऊन कोपऱ्यात घासायचं. रंग फडक्यावर आला तर लॅकर. फडकं कोरं राहून रंगच फुगला तर इनॅमल. दुसरी युक्ती म्हणजे एका जागी गोल गोल घासत पत्र्यापर्यंत जायचं. मग थर एकाभोवती एक कड्यांसारखे दिसतात, झाडाच्या कापलेल्या बुंध्यावर दिसतात तसे. भिंतीवरच्या जुन्या रंगांचा अभ्यास करणारे तज्ज्ञही साधारण असंच करतात, फक्त त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक असतो.

आमच्या जीपवर मधोमध पत्रा, त्याभोवती लालसर ऑक्साइडचं अस्तर, मग करडा. तो सरकारी खात्याचा. त्यावर पुन्हा अस्तर, मग हिरवा लॅकर. हा १९८७ चा, बल्लारपूरला गनने मारून घेतलेला. अब्बांच्या हिशेबाच्या वहीत त्याची नोंद आहे. काम चांगलं होतं. हिरवा फडक्यावर आला, कडा स्वच्छ, सगळीकडे सारखी जाडी.

बॉनेट शेवटी घेतलं. तो चौकोनी डाग घासायला गेलो तर पहिल्याच घाशीला रंगाचा पापुद्रा सुटून आला, नखाने ओढला तर दोन बोटं रुंद पट्टी. थिनर लावून पाहिलं. फडकं कोरं. म्हणजे इनॅमल. आणि पापुद्रा इतका सहज सुटला त्याचा अर्थ, खालचा गुळगुळीत रंग न घासताच त्यावर मारलेला. रंगाला धरायला ओरखडे लागतात, ते दिलेच नव्हते. पापुद्र्यावर ब्रशच्या रेषा होत्या. एका जागी ब्रशचा केस रंगात तसाच अडकलेला.

हे मला चमत्कारिक वाटलं. अब्बा नटबोल्ट काढले तर ते ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने फडक्यावर मांडणारे गृहस्थ. चाकाची हवा रोज बघणारे. त्यांच्या गाडीवर इतकं घाईचं, इतकं अडाणी काम कोणी केलं?

पाणी टाकून पुढे घासलं. हिरव्याखालून पिवळं दिसायला लागलं. आधी एक वळण, मग सरळ रेघ. अर्ध्या तासाने पूर्ण आकडा समोर होता. ७८६.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अरबी अक्षरांना जुन्या अबजद पद्धतीने अंक दिले तर 'बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम' या अक्षरांची बेरीज ७८६ होते. म्हणून उपखंडातले मुसलमान तो आकडा दुकानावर, गाडीवर, पत्राच्या माथ्यावर लिहितात. काही आलिमांना ही प्रथा मान्य नाही, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. पण ट्रकवर लिंबू-मिरची बांधणारा जसा मंत्रशास्त्राचा अभ्यास करून बांधत नाही, तसंच हेही.

आकडा देवनागरीत होता. सहाच्या शेपटीला ट्रकवर असतो तसा झोक, बाजूला एक छोटं गुलाबाचं फूल. हा हात मी ओळखला. गावातल्या दुकानांच्या पाट्या आणि गणेश मंडळाचे फलक रंगवणाऱ्या पेंटरचा. तो आता हयात नाही. त्याला उर्दू अंक येत नव्हते, आणि अब्बांना त्याने काही बिघडत नव्हतं.

इतिहासाचा विद्यार्थी एका पुराव्यावर थांबत नाही. माझ्या फुफीच्या लग्नाचा १९९१ चा फोटो घरात आहे, जीपला झेंडूच्या माळा घातलेल्या. इतकी वर्षं मी तो पाहत आलो, पण माळेच्या आड पिवळं काहीतरी आहे इकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. भिंग लावून पाहिलं तर सहाची शेपटी स्पष्ट दिसते. मग हिशेबाच्या वह्या काढल्या. जानेवारी १९९३ च्या पानावर डिझेल आणि ऑइलच्या मधे एक ओळ: हिरवा ऑइलपेंट पाव लिटर, ब्रश १.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबई जळत होती. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात त्या दोन महिन्यांतल्या ९०० मृत्यूंची नोंद आहे. गोंडपिपरी मुंबईपासून फार दूर. आमच्या गल्लीत काचही फुटली नाही. कोणी आम्हाला वाकडं बोललं असंही मला आठवत नाही. शेजारच्या घरातून संक्रांतीचा तिळगूळ त्या वर्षीही आला असणार. पण अब्बांची गाडी गल्लीत उभी नसायची. ती रात्री-बेरात्री अनोळखी गावांतून, नाक्यांवरून, जंगलाच्या रस्त्याने जायची. भीतीची नोंद कुठल्या आयोगाच्या अहवालात होत नाही. इथे ती पाव लिटर ऑइलपेंटच्या रूपात झाली होती, आणि न घासता मारलेल्या त्या हातात.

आर.सी. बुकही काढून पाहिलं. गाडीचा रंग बदलला की त्याची नोंद तिथे करावी लागते. रंगाच्या रकान्यात हिरवा, १९८७ पासून तोच. हिरव्यावर हिरवा मारला तर सरकारच्या लेखी काहीच घडलेलं नसतं.

ज्या कंपनीची ही जीप, तिच्याही पाटीवरून एक नाव गेलेलं आहे, हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४५ साली जे. सी. आणि के. सी. महिंद्रा या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. नाव महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ ला गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. इंग्रजी आद्याक्षरं तीच राहिली. १९४९ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढे तीच गाडी आमच्या जंगलातल्या रस्त्यांवर आली. ही तुलना मी ताणणार नाही. गुलाम मोहम्मद स्वतःच्या मर्जीने, मोठ्या पदावर गेले. पाटीवरचं नाव बदलणं हा त्या निर्णयाचा हिशेबी परिणाम होता. अब्बा कुठेही गेले नाहीत. ते दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जीपमध्ये त्याच रस्त्याने आष्टीला गेले.

आता प्रश्न होता आकड्याचं करायचं काय. मामू म्हणाले, भोवती टेप लावून तेवढा ठेवता येईल, वरून पारदर्शक कोट मारू. धाकटा भाऊ नागपूरला असतो. त्याला फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन आला. आकडा ठेवायचा की नाही यावर तो काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "फोटो कुठे टाकू नकोस." हे वाक्य मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरलो. १९९३ मध्ये अब्बा जेवढ्या वयाचे होते, तेवढ्याच वयाचा तो आज आहे.

तिसऱ्या दिवशी अब्बांना हाताला धरून बॉनेटपाशी आणलं. त्यांनी चष्मा पुसून आकडा पाहिला. बोटाने गुलाब चाचपला.

"रात को किया था," ते म्हणाले. "लाइट नहीं थी."

एवढंच. मी पुढे विचारलं नाही. ब्रशच्या केसाचा उलगडा झाला होता. अंधारात किंवा कंदिलाच्या उजेडात मारलेला हात, मुलं झोपल्यावर. घासण्याचा आवाज नको म्हणून न घासता. मोहाची फांदी दुसऱ्या दिवशी सकाळी पडली असणार.

मग त्यांनी पत्र्यावर नख आपटून पाहिलं आणि सहाच्या खाली एका जागी बोट ठेवलं. तिथे आवाज बद येत होता. न घासलेल्या रंगाच्या कडेतून वर्षानुवर्षं पाणी आत गेलं होतं आणि चिरांतून खाली उतरून आकड्याखालचं अस्तर आतून सुटलं होतं. वरून धड दिसत होतं, खाली गंज. मामूंनीही तळहात फिरवून मान हलवली. आकडा ठेवायचा तर गंज ठेवावा लागणार होता, आणि मग दोन-तीन वर्षांत त्या जागी भोक.

"चारसौ नंबर लो," अब्बा म्हणाले. "दोसौबीस मत लेना, पत्रा पतला है. और पानी ज्यादा."

पाणी जास्त, याला आणखी एक कारण होतं जे त्यांना ठाऊक नव्हतं. जुन्या काळचा पिवळा रंग बहुधा शिशाचा असतो, लेड क्रोमेट. कोरडा घासला तर धूळ छातीत जाते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या पिढ्यांतल्या पेंटरांनी हे पिवळं, हे शेंदरी उघड्या हातांनी घासलंय. मामूंना रेगमाल माहीत आहे, मास्क नाही. मी ओल्या कागदाने घासलं, नाकावर जाळीचा मास्क, हातात मोजे, खाली प्लास्टिक अंथरून त्यावर बादली.

एक तास लागला. आधी गुलाब गेला, मग सात, आठ. सहाची शेपटी सगळ्यात शेवटी. अब्बा खुर्चीवर बसून होते. मधेच त्यांनी सांगितलं की कोपऱ्यात राहिलंय, तिथे लाकडाचा ठोकळा घे, बोटाने घासलं तर खळगा पडेल. बरोबर होतं. पत्रा दिसला तेव्हा त्यावर गंजाचे बारीक ठिपके होते, नाण्याएवढे दोन. त्यांना तारेचा ब्रश मारला, रेड ऑक्साइडचं अस्तर दिलं, दुसऱ्या दिवशी पुट्टी, तिसऱ्या दिवशी पुन्हा घास. मग गन. तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर वीस मिनिटं थांबून. रंग हिरवाच. आठवड्याने कंपाउंड लावून मऊ फडक्याने झिलई काढली. मामूंनी तळहात फिरवला आणि उजव्या मडगार्डवर नाक मुरडलं. तिथे माझी जुनी चूक अजून जाणवते म्हणे. बॉनेटबद्दल ते काही बोलले नाहीत, म्हणजे चांगलं झालं असावं.

बादलीचा प्रश्न राहिला. तळाशी पिवळसर हिरवा गाळ बसला होता. शिसं असलेलं पाणी नालीत ओतायचं नाही, ते पुढे विहिरीच्या दिशेनेच जातं. मी अम्मींना म्हटलं, हे कुठे टाकू नका. त्या म्हणाल्या, टाकणार कशी, त्यात काय घासलंय ते माहीत आहे ना. ज्या कागदावर अल्लाहचं नाव आहे तो आमच्याकडे कचऱ्यात टाकत नाहीत, नाल्यात तर नाहीच. त्यांचं कारण वेगळं होतं, माझं वेगळं. पाणी उन्हात आटवलं. मूठभर वाळलेला गाळ उरला. तो मी रंगाच्या रिकाम्या डब्यात भरला, झाकण ठोकून बंद केलं आणि शेडमध्ये वरच्या फळीवर ठेवला. अजून तिथेच आहे.